ड्रोल माणसाच्या डोक्यावरचं छत

मी विनोदी माणूस नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना इतक्या कळकळीने सांगितलं आहे आणि ते ऐकून इतके लोक पोट धरून हसले आहेत, की आता ते लिहितानाही हात कचरतो. तरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला झाडाचं काम मिळालं होतं आणि ते मी अत्यंत गांभीर्याने केलं होतं. लग्नाच्या फोटोंत मी दुसऱ्याच कुठल्या तरी दुःखद प्रसंगाहून थेट आल्यासारखा दिसतो. असा माणूस एका इंग्रजी विशेषणापायी चारचौघांत विदूषक ठरला आणि त्याच पायी जिवानिशी जायचा राहिला, त्याची ही हकिगत आहे.

सुरुवात छतापासून झाली. ऑफिसात माझ्या खुर्चीच्या बरोबर वर प्लॅस्टर फुगलं होतं. आधी बशीएवढं, मग ताटाएवढं, आणि मी ही तक्रार घेऊन उठलो तोवर चांगलं परातीएवढं. वरच्या मजल्यावरचं बेसिन गळत होतं आणि ते पाणी माझ्या डोक्यावर मुक्कामाला आलं होतं. मधूनच चिमूटभर चुना चहात पडायचा. शेजारच्या टेबलावर आवक-जावकच्या बाई बसतात. त्या म्हणायच्या, "प्या हो, कॅल्शियम असतं त्यात."

मी हेडक्लार्ककडे गेलो. म्हटलं, माझं टेबल दोन हात सरकवा.

"टेबल सरकवता येत नाही," ते म्हणाले. "बसण्याची व्यवस्था वरून मंजूर होऊन आलेली आहे."

"पण वरून छतही येतंय."

"ते मंजूर होऊन येत नाहीये ना? मग त्याचा आपल्याशी संबंध नाही."

मग इमारत विभागाला फोन लावला. तिकडच्या गृहस्थाने मला फार मूलभूत प्रश्न विचारला. "तुम्ही ज्याला छत म्हणताय, ते तुमच्या मजल्याचं छत आहे की वरच्या मजल्याची जमीन?" मी म्हटलं, दोन्ही एकच. तो म्हणाला, "असं कसं? जमीन असेल तर तक्रार वरच्या मजल्याने करायची." वरचा मजला म्हणाला, आमची जमीन उत्तम आहे, आम्ही तिच्यावर रोज चालतो. मी पुन्हा इमारत विभागाला विचारलं, समजा, ते पडलंच तर? तर तो म्हणाला, "पडलं की ते आमच्याकडे राहत नाही, सफाईकडे जातं." म्हणजे वर असेपर्यंत कुणाचंच नाही आणि खाली आल्यावर झाडूवाल्याचं. मधल्या काळात ते माझं होतं, कारण मध्ये माझं डोकं होतं.

त्याच सुमारास ऑफिसात नवे साहेब आले. हे साहेब इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. वाक्य मराठीत सुरू करतात आणि इंग्रजीत नेऊन सोडतात. महिन्याच्या मीटिंगच्या शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही अडचण?" आता हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. तो ऐकून खुर्च्या मागे सरकवायच्या असतात. खुर्च्या सरकल्याही. पण मी उभा राहिलो.

"साहेब," मी म्हणालो, "माझ्या डोक्यावरचं छत पडणार आहे. ते पडू नये असा माझा आग्रह नाही. फक्त पडण्याच्या आदल्या दिवशी मला लेखी कळवण्यात यावं, म्हणजे मी किरकोळ रजा टाकीन."

यातला शब्दन् शब्द मी मनापासून बोललो होतो. माझ्या रजा शिल्लक होत्या. पण साहेबांनी माझ्याकडे एकटक पाहिलं, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि चष्मा काढून डोळे पुसत ते म्हणाले, "ओह, यू आर ड्रोल! व्हेरी, व्हेरी ड्रोल!"

आमच्या ऑफिसात हसणंही योग्य मार्गाने खाली येतं. साहेब हसले की हेडक्लार्क हसतात, हेडक्लार्क हसले की सीनियर, मग ज्युनियर, आणि शेवटी दारातला शिपाई. त्या दिवशीही तसंच झालं. शिपाई हसायला लागला तेव्हा साहेबांचं हसून झालं होतं, त्यामुळे तो बिचारा एकटाच हसत राहिला आणि हेडक्लार्कने त्याच्याकडे डोळे वटारले. मीटिंग संपली. छताचं नाव कुणी काढलं नाही.

ड्रोल म्हणजे काय, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. जे एवढे मनसोक्त हसले त्यांनाही नव्हतं. कॅशियरचं मत पडलं की ही शिवी असावी, साहेबलोक शिव्याही हसून देतात. आवक-जावकच्या बाईंनी फोनवर शोधलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "विचित्र. हास्यास्पद." तिथे माझं टाळकं फिरलं. माणसाने जिवाची भीती बोलून दाखवावी आणि वर हास्यास्पद म्हणवून घ्यावं? त्या दिवशी मी चहा घेतला नाही. माझा निषेध कुणाच्या लक्षात आला नाही, कारण माझा चहा कॅशियर प्यायला.

आमच्या शेजारी इंग्रजीचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्याकडे उशीएवढा जाड शब्दकोश आहे. संध्याकाळी मी तडक त्यांच्याकडे गेलो. मास्तरांना आता कुणी शब्दांचे अर्थ विचारत नाही. त्यामुळे त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि बायकोला हाक मारून सांगितलं, "जरा वेळ आत आवाज करू नका."

"विनोद दोन प्रकारचा," मास्तर म्हणाले. "ओला आणि सुका. ओल्या विनोदात सांगणारा आधी स्वतःच हसतो, समोरच्याच्या मांडीवर थाप मारतो. सुक्या विनोदात चेहरा इस्त्री केलेला असतो. बोलतो असा की जणू बँकेत चौकशी करतोय. ऐकणारा हसून लोळतो आणि हा विचारतो, काय झालं? अशा माणसाला ड्रोल म्हणतात. चांगला शब्द आहे. सुसंस्कृत लोक वापरतात."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे शिवी नाही?"

"छे! हे विशेषण माणसाला लागतं, त्याच्या बोलण्याला लागतं, त्याच्या चेहऱ्याला लागतं. फक्त आपणच आपल्याला लावायचं नसतं, ते दुसऱ्याने लावायचं. आणि एक अट आहे. आपण गंमत करतोय हे त्या माणसाला आतून ठाऊक असावं लागतं."

"आणि ठाऊक नसेल तर?"

"तर तो ड्रोल नव्हे. तर तो नुसता..." मास्तरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चहा घेणार?"

पण माझं त्या शेवटच्या अटीकडे लक्षच नव्हतं. सुसंस्कृत लोक वापरतात! घरी परतेपर्यंत माझी छाती चांगलीच फुगली होती. मी बायकोला म्हणालो, "अगं, साहेब मला ड्रोल म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे जो स्वतः न हसता दुसऱ्याला हसवतो."

दूध नासलंय का हे बघताना ती जसं पातेल्यात बघते, तसं तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "यातला अर्धा भाग बरोबर आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

खरं सांगायचं तर इथून पुढचे काही आठवडे मला मजा आली. जिन्यात लोक थांबून बोलायला लागले. दुसऱ्या विभागातली माणसं मला बघायला यायची. मी "नमस्कार" म्हणालो तरी त्यांना गुदगुल्या व्हायच्या. छताचा फुगवटा वाढत होता, पण माझाही वाढत होता, त्यामुळे मी वर बघायचं सोडून दिलं. एवढंच नाही, तर मी घरी आरशासमोर उभा राहून विनोदांची तयारी करू लागलो. आणि दैवगती अशी की ते विनोद कुणाला कळेनात.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी माझं भाषण ठेवलं. "तुमचं ते सुकं-सुकं होऊन जाऊ द्या," असं ते म्हणाले. मी चांगले निवडक विनोद पाठ करून गेलो. पहिल्या विनोदाला कुणी तरी खोकलं. दुसऱ्याला सेक्रेटरींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिसऱ्यानंतर मागच्या रांगेतून आवाज आला, "बरं वाटत नाहीये का त्यांना?" माझ्या कपाळावर घाम आला. बोलायचं काहीच उरलं नाही, म्हणून मी खाली बसता बसता मनातली खंत बोललो. "आपल्या गच्चीवरची टाकी कित्येक वर्षांत धुतलेली नाही. मी परवा वर जाऊन पाहिलं. आत एक चप्पल आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया घेऊन जावी."

सभा कोसळली. माणसं खुर्च्यांवरून घसरली. सेक्रेटरी टाळ्या वाजवत म्हणाले, "चप्पल! काय पण टाकलंय!" मी ओरडून सांगत होतो की चप्पल खरोखरच आहे, डाव्या पायाची आहे, अंगठा तुटलाय. दरेक तपशिलाला नवा हशा. टाकी तशीच राहिली. आम्ही सगळे तेच पाणी प्यालो.

त्या रात्री जेवताना मास्तरांची अट माझ्या घशात अडकली. मी विनोद केला की लोक काळजीत पडत होते, आणि खरं बोललो की हसत होते. म्हणजे मी ड्रोल नव्हतो. मी तो 'नुसता...' होतो, ज्याच्यापुढचा शब्द गिळून मास्तरांनी चहा विचारला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाहिलं तर फुगवट्याला आडवी भेग गेली होती. बोट जाईल एवढी. त्यातून पाण्याचा थेंब हळूच खाली यायचा आणि माझ्या रजिस्टरवर टपकायचा. आता मात्र माझी पाचावर धारण बसली. मी रीतसर अर्ज केला. "सदर छताचा विषयांकित भाग अर्जदाराच्या मस्तकावर केव्हाही विराजमान होण्याची शक्यता असून, तसे झाल्यास अर्जदार पुढील पत्रव्यवहार करू शकणार नाही." हा अर्ज जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्कनी स्टुलावर उभं राहून वाचला. "विराजमान"ला टाळी पडली. "पुढील पत्रव्यवहार"ला वन्स मोअर मिळाला. आवक-जावकच्या बाईंनी डोळे पुसत त्यावर आवक क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही लिहीत का नाही कुठे?"

मी स्कूटरचं हेल्मेट घालून बसायला लागलो. आता यात हसण्यासारखं काय होतं? हेल्मेट डोक्यासाठी असतं, डोकं छताखाली होतं. पण माझा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्या ऑफिसांच्या ग्रुपवर गेला, आणि साहेबांनी त्याखाली ते लाडकं विशेषण टाकलं. माझ्या मेव्हण्याने मला तो फोटो परत पाठवला. म्हणाला, भावजी, हा कोण अवली आहे बघा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी हेल्मेट न काढताच सोफ्यावर बसून राहिलो. लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. आजवर मला फारसं कुणी विचारलं नाही, पण मी जे बोलायचो ते खरं मानलं जायचं. तेवढीच काय ती माझी मिळकत होती, तीही गेली. बायको समोर येऊन बसली.

"छत खरंच पडणार आहे?" तिने विचारलं.

"खरंच पडणार आहे."

"मग पडणारच," ती म्हणाली. बस्स. ना हसली, ना तिने पुरावा मागितला. मला एकदम भरून आलं, आणि हेल्मेटची काच आतून धुरकट झाली.

सकाळी मी अंघोळीला गेलेला असताना तिने माझ्या फोनवरून थेट साहेबांना फोन लावला. मी टॉवेलवर बाहेर आलो तेव्हा ती ठामपणे बोलत होती. "साहेब, मी यांची मिसेस बोलतेय. लग्न झाल्यापासून यांनी एकही विनोद केलेला नाही. एक केला असता तरी मी तुम्हाला सांगितलं असतं. यांना विनोद कळतसुद्धा नाही, सिनेमात सगळे हसून झाले की मला विचारतात. हा माणूस छत पडणार म्हणतोय, तर ते पडणार. तुम्ही आजच्या आज त्यांचं टेबल हलवा."

माझ्याविषयी इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी टॉवेल सावरून तिथेच उभा राहिलो. फोनमधून साहेबांच्या हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. तिने फोन ठेवला आणि लालबुंद चेहऱ्याने म्हणाली, "म्हणतात, 'आता कळलं हे कुठून येतं! द होल फॅमिली इज ड्रोल!' हा साहेब आहे का कोण आहे?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ नका आज."

पण त्याच दिवशी मुख्य कार्यालयातून पाहुणे यायचे होते आणि सगळ्यांच्या रजा बंद होत्या. मी गेलो. हेल्मेट घेऊन गेलो, पण पाहुण्यांसमोर घालू नका, असं हेडक्लार्कनी बजावलं.

पाहुणे आले. चकचकीत बुटांचे दोन गृहस्थ आणि एक बाई. साहेब त्यांना सगळा हॉल दाखवत, सरळ माझ्या टेबलापाशी घेऊन आले. "हे आमचे प्रसिद्ध छतवाले," ते म्हणाले. "आणि हे ते छत!" असं म्हणून ते माझ्या खुर्चीच्या मागे, बरोबर फुगवट्याखाली उभे राहिले आणि मान वर करून बोट दाखवू लागले. मी उभा होतो, मला भेग दिसत होती. ती हलत होती.

"साहेब, तिथे उभे राहू नका," मी म्हणालो.

पाहुण्या बाई खुदकन हसल्या.

"साहेब, पाया पडतो, बाजूला व्हा."

आता तिघंही हसले. साहेबांनी त्यांच्याकडे अभिमानाने पाहिलं, बघा, मी म्हटलं नव्हतं? वरून बारीक भुगा त्यांच्या केसांत पडला. त्यांनी तो झटकला. सगळा हॉल हसत होता, योग्य मार्गाने, वरपासून खालपर्यंत. मला एकदम कळून चुकलं की मी काहीही बोललो तरी उपयोग नाही. जन्मात कधी वरिष्ठांच्या पुढ्यातला कागदसुद्धा मी न विचारता उचललेला नाही. तरीही मी साहेबांचा टाय दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून ओढला.

साहेब माझ्या अंगावर आले, मी आवक-जावकच्या टेबलावर पडलो, आणि हॉलमध्ये हास्याचा जो गडगडाट झाला, त्यातच दुसरा एक गडगडाट झाला. अख्खी परात खाली आली. माझी खुर्ची सपाट झाली.

धूळ बसायला बराच वेळ लागला. पाहुणे भिंतीला चिकटले होते. कॅशियर टेबलाखाली होता. आवक-जावकच्या बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होत्या. साहेब हळूहळू उभे राहिले. डोक्यापासून बुटापर्यंत पांढरेफटक, फक्त डोळे तेवढे काळे. टाय मागे मानेवर गेला होता. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "या प्रकरणाकडे आमचं कार्यालय अगदी पहिल्या दिवसापासून गांभीर्याने पाहत होतं."

आणि मी हसलो.

कुठून आलं ते मला माहीत नाही. आधी नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला, मग पोट हलायला लागलं, मग मी टेबलाची कड धरून हसलो, मग टेबलाखाली बसून हसलो. कॅशियर घाबरून बाजूला सरकला. दुसरं कुणीही हसत नव्हतं. हेडक्लार्क साहेबांच्या तोंडाकडे बघून वाट बघत होते. साहेबांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सरळ होता. मी डोळे पुसले आणि म्हणालो, "साहेब, व्हेरी ड्रोल. व्हेरी, व्हेरी ड्रोल."

नंतरचं थोडक्यात सांगतो. मला वरिष्ठांसमोर अकारण हसल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. टाय ओढल्याबद्दल आभार मिळाले नाहीत, पण नोटीसही मिळाली नाही. इमारत विभागाने कळवलं की आता वर छतच नसल्याने छताची तक्रार निकाली काढण्यात येत आहे. माझं टेबल मात्र दोन हात सरकलं. आणि हल्ली मी "पंखा आवाज करतोय" एवढं जरी म्हटलं, तरी सगळा हॉल एका दमात उठून व्हरांड्यात जातो.

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको दारातच उभी होती. तिला कुणी तरी फोन केला होता. तिने मला बाल्कनीत स्टुलावर बसवलं आणि केसांतले प्लॅस्टरचे तुकडे एकेक करून काढायला लागली. मधूनच ती नाक ओढत होती आणि धुळीला दोष देत होती. मी तिला सगळं सांगितलं. फुगवटा, भेग, साहेब, टाय. तिने सगळं ऐकलं, सगळ्यावर विश्वास ठेवला.

"आणि मग मी हसलो," मी म्हणालो. "अगं, इतका हसलो की टेबलाखाली बसावं लागलं."

तिचा हात थांबला. तिने पुढे येऊन माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ नीट निरखून पाहिलं. मग पुन्हा मागे जाऊन तुकडे काढायला लागली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "काहीतरी विनोद नका करू."